मेश्रामसाहेबांचा अर्धा टक्का

मेश्रामसाहेबांना कधी काही सुचवू नये. लगेच वाटा मिळतो.

मला मिळाला तो जिन्यात. मी भाजी घेऊन वर येत होते, ते खाली चालले होते. मी शाळेत मराठी शिकवते हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी खिशातून एक कागद काढला आणि जरा वाचून बघायला सांगितलं. त्यावर लिहिलं होतं, ‘आपल्या विभागात जलपुरवठा सुरू झाला असून नागरिकांनी त्याची नोंद घ्यावी.’

“हे वाचेपर्यंत पाणी जाईल,” मी म्हणाले. “‘पाणी आलं’ एवढंच लिहा.”

ते पायरीवर थांबले. कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “अर्धा टक्का,” ते म्हणाले. “पुढे होणाऱ्या नफ्यातला. वाटा धरा, ताई.”

अशी मी एका संगणक कंपनीची सल्लागार झाले. हातात मेथीची जुडी होती.

मेश्रामसाहेब आमच्या विश्रांतवाडीच्या इमारतीत समोरच्या दारात राहत. मूळचे नागपूरकडचे, तरुणपणी हडपसरच्या कारखान्यात नोकरीला आले आणि इथलेच झाले. पुढे बाहेरचा माल बाजारात आला तसा कारखान्याने जुन्या माणसांना एकरकमी पैसे देऊन घरी पाठवायला सुरुवात केली. त्यात हेही आले. पन्नाशी उलटलेली, पत्नी आधीच गेलेली, मुलगी हैदराबादला नोकरीत. दुसऱ्या कुणी बाल्कनीत कुंड्या मांडल्या असत्या. यांनी संगणकाचा क्लास लावला. कॉलेजच्या मुलांमध्ये पुढच्या बाकावर बसून शिकले आणि घराच्या दाराला कंपनीची पाटी लावली.

कल्पना साधी होती. आमच्याकडे नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसे. बायका आंघोळीचं, स्वयंपाकाचं सोडून नळाकडे कान लावून बसत. टाकीजवळच्या एका घरात पाणी सगळ्यांच्या आधी येई. त्या घरच्यांनी साहेबांना नुसता मिस्ड कॉल द्यायचा. मग साहेबांच्या संगणकातून वर्गणी भरणाऱ्या सगळ्यांच्या मोबाइलवर निरोप जाई. मी सल्लागार होते म्हणून म्हणत नाही, पण सोय खरोखर चांगली होती.

वर्गणीचे पैसे निरोप पाठवण्यातच संपत. जाणकारांना द्यायला काही उरत नसे, म्हणून वाटा. तसं विचारलं तर ते हे कारण सांगत नसत. म्हणत, “पगार दिला की माणूस घड्याळाकडे बघतो. वाटा दिला की माझ्याकडे बघतो.”

दर रविवारी सकाळी त्यांच्या हॉलमध्ये सल्लागार मंडळाची बैठक असे. मंडळात मी, खालच्या मजल्यावरच्या वकील गायकवाडबाई आणि टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले पेठकर. बाकीचे अधूनमधून येत. आमच्या यजमानांनी डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घातला, तर त्यांनाही पाव टक्का मिळाला. ते त्यानंतर कधी फिरकले नाहीत, तरी साहेब दर बैठकीत त्यांची ‘अनुपस्थित’ अशी नोंद घेत.

पेठकरांनी एका रविवारी चहा ढवळता ढवळता सांगितलं, की आजवर वाटलेले सगळे वाटे मिळून शंभराच्या वर जातात.

मेश्रामसाहेब गंभीर झाले. त्यांनी फळ्यावर बेरीज केली, पुसली, पुन्हा केली.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “फार मोलाचं बोललात. तुमचा अर्धा टक्का वाढवतो.”

पेठकरांनी शांतपणे चहा संपवला. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “नफा होत नाही, हीच यांची खरी बचत आहे.”

असं दोनेक वर्षं चाललं. मग खराडीच्या एका कंपनीची दोन मुलं त्यांच्याकडे आली. मुलं म्हणजे तिशीतली, गळ्यात ओळखपत्रं. त्यांना साहेबांनी लिहिलेला प्रोग्रॅम हवा होता. शाळेची बस उशिरा येणार, वीज जाणार, असे निरोपही त्यातून पाठवता येतील, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. ते पैसे देणार होते, शिवाय साहेबांना नोकरीही. अट एकच, ज्यांना ज्यांना वाटा दिलाय त्या सगळ्यांनी आपला हक्क नाही असं लिहून द्यायचं.

आम्हाला मनापासून आनंद झाला. गायकवाडबाईंनी कागद फुकट तयार केला आणि पेठकरांनी स्वतःचं पेन आणलं. साहेब मात्र सही घेईनात. एका रविवारी म्हणाले, मजकूर पुन्हा वाचायला हवा. पुढच्या रविवारी म्हणाले, अनुपस्थित सदस्य आल्याशिवाय निर्णय योग्य नाही. त्याच्या पुढच्या रविवारी म्हणाले, आज अमावास्या आहे. त्यांच्या घरी बुद्धवंदना व्हायची, पंचांग कधीच नव्हतं. गायकवाडबाईंनी माझ्याकडे बघितलं.

खराडीच्या मुलांचा दोनदा फोन येऊन गेला होता. तिसऱ्यांदा ते फोन करणार नाहीत, असं बाईंना वाटत होतं. समोरचं दार म्हणून साहेबांशी बोलायचं काम माझ्याकडे आलं.

शाळेतून आल्यावर मी गेले. साहेब आदल्या रविवारचे कप विसळत होते. ते इतके दिवस तसेच का होते, हे मी विचारलं नाही. मी सरळ म्हणाले, की आम्हाला त्या वाट्यातलं काही नको आहे, तुम्ही आमच्यासाठी स्वतःचं नुकसान करू नका. त्यांनी नळ बंद केला. बराच वेळ कप पुसत राहिले.

“मला कळतं ते,” ते म्हणाले. “पण वाटा सोडलात तर रविवारी कशाला याल?”

हा माणूस आम्हाला नफ्याच्या आशेने येणारे समजत होता आणि तरी दर रविवारी आमच्यासाठी आल्याचा चहा करत होता.

“साहेब,” मी म्हणाले, “त्या नफ्यावर तुमच्याशिवाय कुणाचा विश्वास नव्हता. पेठकरांचा तर मुळीच नव्हता.”

“मग येत कशाला होते?”

“ते तुम्ही त्यांनाच विचारा. मी आपली यायचं म्हणून येत होते.”

त्यांनी कप फडताळात ठेवले, उपडे. मग म्हणाले, “कागद घेऊन या.”

सह्या झाल्या. साहेब खराडीला जाऊ लागले. तिथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, त्यांनाही ‘सिद्धार्थ’ म्हणतात, हे त्यांनी मला जरा लाजत सांगितलं. दारावरची पाटी उतरली.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही तिघं नेहमीच्या वेळेला त्यांच्याकडे गेलो. ठरवलं काहीच नव्हतं, पेठकर जिन्यातच भेटले. साहेबांनी दार उघडलं आणि गडबडले. फळा कोरा होता. हातात खडू घेऊन ते त्याच्याजवळ उभे राहिले आणि विचारलं, “आज विषय काय ठेवू?”

“काही नको,” पेठकर म्हणाले. “बसा.”

साहेबांनी इकडेतिकडे बघितलं. हॉलमध्ये खुर्च्या तीनच होत्या. इतक्या बैठका झाल्या, पण मी त्यांना कधी बसलेलं पाहिलंच नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. ते आत गेले, स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन आले आणि आमच्यात येऊन बसले.