गवाक्ष सुशोभन

देवळाली प्रवराजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत सकाळचं ऊन थेट फळ्यावर यायचं आणि अक्षरं दिसायची नाहीत. म्हणून दिपालीबाईंनी दुसरीच्या पोरांकडून पतंगी कागदाच्या घड्या घालून घेतल्या, कात्रीनं नक्षीदार चांदण्या कापून घेतल्या आणि त्या खिडकीच्या काचेला चिकटवल्या. फळा दिसू लागला. भिंतीवर रंगीत कवडसे पडले, ते पकडायला पोरं बाकांवर चढली. बाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी फोटो शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. इथं घोटाळा झाला.

केंद्रप्रमुख वैजनाथसाहेबांनी या प्रकाराला ‘गवाक्ष सुशोभन उपक्रम’ असं नाव दिलं, वरच्या साहेबांना पाहणीचं निमंत्रण दिलं आणि आधी स्वतः येऊन गेले.

“बाई, कागदाला भोकं आहेत.”

“नक्षी आहे ती, साहेब.”

“फाटका कागद लावला म्हणतील. जाड, अखंड लावा.”

अखंड कागदानं वर्गात अंधार झाला. अंधारात उपक्रम दिसेना. दिवे लावावेत, तर दिवसा वीज नव्हती. तेव्हा पाहणी बाहेरून करायची ठरलं. पोरं मात्र आतून कागद टोकरू लागली. उपक्रमाला पोरांपासून धोका आहे, हे साहेबांनी ओळखलं. वर्गाला कुलूप लागलं आणि दुसरीची पोरं लिंबाखाली बसली.

“बाई, आमी आत कवा जायचं?” सृष्टीनं विचारलं.

“पाहणी झाल्यावर,” बाई म्हणाल्या. त्यांना तिच्याकडे बघवेना.

वरचे साहेब आले. खिडकी पाहून त्यांनी मान डोलावली. मग त्यांची नजर लिंबाकडे गेली.

“ही मुलं बाहेर कशी?”

बाईंनी खरं सांगायला तोंड उघडलं, तोच वैजनाथसाहेब म्हणाले, “निसर्गशाळा, सर.”

साहेब भारावले. लिंबाला पार बांधायचा हुकूम झाला. बांधलेला पार पोरं खराब करतील, म्हणून भोवती तारेचं कुंपण आलं. बाई पोरांना घेऊन फाटकाबाहेर, उसाच्या बांधावर गेल्या.

सृष्टीचे वडील भिमाजी दूध घालून परतताना थांबले. स्वच्छ अंगण आणि रंगीत खिडकी त्यांनी डोळे भरून पाहिली. “आता कसं शाळेवानी वाटतंय,” ते म्हणाले. “लई शांत हाय.”

शाळेचं नाव थेट नगरपर्यंत गेलंय. तुम्हालाही पोराचं नाव घालायचं असेल, तर घाई करा. वर्ग रिकामा आहे, पण बांधावर जागा थोडीच उरलीय.