आधी शून्य दाखवा

आमचे शेजारी नाना बाजारात गेले की आधी काही घ्यायचेच नाहीत. "आधी शून्य दाखवा," एवढंच म्हणायचे. मग भाजीवालीने तराजू उचलायचा, दोन्ही रिकामी पारडी हवेत धरायची, आणि नानांनी वाकून, एक डोळा मिटून काटा बघायचा. काटा मध्यावर उभा राहिला तर वांगी, नाहीतर भाषण. जळगावातल्या मेहरूणच्या बाजारात नाना येताना दिसले की निम्म्या बायका तराजूवर गोणपाट टाकून सांगायच्या, "आज वाट्यानं देतोय, नाना!"

नाना वजनमापे खात्यात निरीक्षक होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, पण तसं कुणी म्हटलं की म्हणायचे, "रिटायर मी झालो. काटे झाले का?" एकदा डॉक्टरांनी रक्तदाब बघायला दंडाला पट्टा गुंडाळला, तर हे म्हणाले, "आधी तुमचा मोजा. तुमचा बरोबर आला तर मशीन खरं." डॉक्टरांचाच जास्त निघाला! त्या दिवसापासून दोघंही गोळ्या घेऊ लागले.

घरी स्वयंपाकघरात खुंटीला पितळी तराजू टांगलेला. बाहेरून आलेली कुठलीही वस्तू आधी त्यावर चढायची. फैजपूरहून भाऊबंदांनी केळी पाठवली तरी आधी वजन, मग कौतुक. नानांच्या बायकोला सगळी कॉलनी अक्का म्हणायची. अक्का मला सांगायच्या, "लग्न होऊन आले तेव्हा मलाही तोललं असतं यांनी. पारडं लहान पडलं म्हणून वाचले."

अशा माणसाच्या शेजारी राहून मी मोठ्याने वाचायला नको होतं. पण वाचलं.

नव्वदचं दशक संपायला आलं होतं आणि जळगावात नवेनवे सायबर कॅफे उघडत होते. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे. आमच्या विभागाकडे परदेशातून एक इंग्रजी प्रश्नावली आली. इंटरनेटचं व्यसन माणसाला किती जडलंय ते मोजायची. वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या भाषांत तेच प्रश्न विचारायचे आणि उत्तरं ताडून बघायची. मराठी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी व्हरांड्यात बसून एकेक प्रश्न मोठ्याने म्हणून बघत होते, तेवढ्यात कुंपणावरून आवाज आला.

"मॅडम, हे काय मोजताय?"

सांगितलं. पाच मिनिटांत नाना खुर्ची घेऊन आमच्या व्हरांड्यात.

पहिल्याच प्रश्नावर अडले. 'इंटरनेटमुळे घरकामाकडे तुमचं दुर्लक्ष होतं का?'

"पुरुषांना विचारणार?"

"हो."

"मग झालं! आपल्याकडचा पुरुष कम्प्युटर यायच्या आधीपासून व्यसनी निघेल."

पुढचा प्रश्न होता, इंटरनेटसाठी तुम्ही मित्रांसोबत जेवायला जाणं टाळता का. नानांनी कपाळाला हात लावला. "हे इकडे असं नाही विचारायचं. हिवाळ्यात शेतावर भरीत पार्टी आहे आणि हा इंटरनेटवर बसून राहिला का, असं विचारा. आणि हो म्हणाला तर पुढचे प्रश्न विचारूच नका. सरळ दवाखान्यात घाला."

मला हसू आवरेना. मी ते लिहूनही घेतलं. मग शेवटचा प्रश्न वाचला, 'घरच्या माणसांशी बोलायचं तुम्ही टाळता का?'

नानांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला. "हा राहू द्या तसाच," म्हणाले आणि खुर्ची घेऊन निघून गेले.

कारण सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं. नानांना एकच मुलगी, मंगल. शिकायला धुळ्याला गेली आणि तिथेच सोबतच्या एका मुलाशी लग्न ठरवून मोकळी झाली. मुलगा शिक्षक, सरळ, सुपारीचंही व्यसन नाही. पण घर बौद्ध, आणि नानांना विचारून निवडलेला नाही. नाना म्हणाले, हे होणार नाही. मंगल त्यांच्या तोंडावर म्हणाली, होणार. झालं. दोघंही साक्रीला शाळेत लागले. त्यानंतर नानांनी घरात तिचं नाव काढलं नाही की कुणाला काढू दिलं नाही. अक्का झुरत होत्या. खरं सांगते, त्या एका गोष्टीपायी मला नानांचा मनापासून राग यायचा.

दुसऱ्या दिवशी नाना माझ्याबरोबर सायबर कॅफेत! पोरांच्या पाठीमागे उभे राहून प्रश्न विचारताहेत. "ठरवल्यापेक्षा जास्त वेळ बसतोस का रे?"

"नाना, कनेक्शन लागायलाच अर्धा तास जातो. तोही धरू का?"

कॅफेवाला हात जोडून माझ्याकडे आला. "मॅडम, तुमच्या साहेबांना आवरा. तीन गिऱ्हाईकं पळाली."

संध्याकाळी नानांच्या घरी जाऊन मी म्हटलं, आता पुरे. तर म्हणाले, "पुरे कसं? तुमच्या काट्याचं शून्य कुठे तपासलंय? ज्यानं जन्मात कम्प्युटर बघितला नाही त्याला हे प्रश्न विचारा. रिकाम्या पारड्याला काटा हलला, तर काटा खोटा."

मुद्दा बिनतोड होता, काय करणार? "चला मग," म्हटलं, "अशी माणसं इथे मेहरूणलाच ढिगाने मिळतील."

"छे! इथले बिघडले. लांब जावं लागेल." इकडेतिकडे बघून म्हणाले, "साक्रीकडे."

आत अक्का तांदूळ पाखडत होत्या. सुपाचा आवाज थांबला.

निघायच्या दिवशी अक्कांनी मोठा डबा आणून ठेवला. ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे जाड पापड, त्यांनी स्वतः उन्हात वाळवलेले. नानांनी तराजूत टाकला. "सव्वा किलो. एवढ्या कुणाला?"

"वाटेत भूक लागते," अक्का म्हणाल्या.

न भाजलेल्या बिबड्या एसटीत कोण खातं, हे नानांनाही कळत होतं. पण त्यांनी डबा मुकाट्याने माझ्या हातात दिला.

साक्रीला आठवड्याचा बाजार भरला होता. नानांनी चांगले धट्टेकट्टे आबा हेरून झाडाखाली बसवले. पहिल्याच आबांनी विचारलं, "हाई इंटरनेट काय शे?"

मी समजावलं. कम्प्युटर, तार, फोन. आबांनी मान हलवली. मग प्रश्न सुरू. इंटरनेटमुळे घरचं काम राहून जातं?

"राही जास ना!"

बायको कटकट करते?

"बठ्ठा दिन करस."

एकेका आबांना भरभरून गुण. माझ्या प्रश्नावलीप्रमाणे साक्रीच्या बाजारात इंटरनेटची साथ पसरली होती. शेवटी राहवेना. "आबा, कधी बघितलंय का इंटरनेट?"

"नही."

"मग हो काबरं म्हणालात?"

आबांनाच माझी कीव आली. "इतला दूरथून उनात तुम्ही. नही कसं म्हनानं?"

नाना आनंदाने टाळ्या पिटत होते. "काटा खोटा! रिकाम्या पारड्याला व्यसन दाखवतो!"

"झालं ना समाधान? चला, चारची गाडी गाठू," मी म्हटलं. मुद्दामच म्हटलं. डबा माझ्या हातात तसाच होता.

नाना हलेनात. पायातल्या जोड्यांकडे बघत म्हणाले, "हे सगळे हो म्हणणारे झाले, मॅडम. तपासणी पुरी करायची तर तोंडावर नाही म्हणणारं एक माणूस पाहिजे. माझ्या माहितीत साक्रीत एकच आहे."

आणि चालायला लागले. शाळेमागची गल्ली, मग पिठाची गिरणी, मग डावीकडे. कुणाला पत्ता विचारला नाही. हा माणूस इथवर पहिल्यांदा येत नव्हता, हे ओळखायला मानसशास्त्र लागत नाही. किती वेळा गिरणीपासून परत फिरला होता, देव जाणे.

दार मंगलनेच उघडलं. नानांनी छाती पुढे काढली आणि पोटच्या लेकीला म्हणाले, "नमस्कार. आम्ही जळगावहून आलोय. घरी कम्प्युटर आहे का?"

मंगलने त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग डब्याकडे. डबा तिने ओळखला.

"नाही," ती म्हणाली.

"मग तुम्ही चालाल." नानांनी माझ्या हातातला कागद ओढून घेतला आणि मधले सगळे प्रश्न सोडून थेट शेवटावर आले. "तुम्ही घरच्या माणसांशी बोलायचं टाळता का? कधीच नाही, क्वचित, कधी कधी, बऱ्याचदा, की सतत?"

मंगल बापाचीच लेक. दाराची चौकट धरून उभी राहिली. डोळे भरले होते, पण आवाज अगदी बाजारातल्या नानांचा.

"आधी शून्य दाखवा, नाना."

"म्हणजे?"

"विचारणाऱ्याचं आधी. तुम्ही टाळता का?"

नानांनी कागदाची घडी केली. उलगडली. पुन्हा घडी केली.

"सतत," म्हणाले. "सतत टाळलं गं, मंगल. चुकलं माझं." आणि तिथेच पायरीवर बसले.

मंगल त्यांच्या शेजारी बसली आणि मग कसली रडली! प्रश्न विचारणाऱ्याने तटस्थ राहावं असं मी वर्गात शिकवायचे. मी डबा छातीशी धरून हमसून हमसून रडत होते. आतून जावई तांब्या घेऊन आला. गोंधळून एकदा आम्हा तिघांकडे बघितलं आणि म्हणाला, "बाहेर काबरं बसलात? आत या ना, नाना." नाना उठले, त्याच्या खांद्याला धरून आत गेले.

चारची गाडी गेलीच. रात्री तिथेच राहिलो, सकाळी निघालो. प्रश्नावली मी यथावकाश परत पाठवली. सोबत लिहिलं की आमच्याकडे पाहुण्याला नाही म्हणायची पद्धत नाही, त्याचं काहीतरी करा. उत्तर आलं नाही.

आम्ही घरी पोचलो तर अक्का फाटकात उभ्या. त्यांनी हात पुढे करून डबा घेतला. जड लागला तशा तिथल्या तिथे उघडून बसल्या. आत नागलीचे पापड होते, काठोकाठ. अक्कांनी एक उचलून नाकाशी धरला, पदराने डोळे पुसले आणि सवयीने घराकडे बघून म्हणाल्या, "तराजू काढू?"

"राहू दे," नाना म्हणाले. "पोरीनं दिलंय. बरोबरच असेल."