मॅकअर्डन म्हणजे नक्की कोण?

माणूस त्याच्या गुणांवरून ओळखावा, हे तत्त्व सर्वमान्य आहे. लग्न ठरायची वेळ येईपर्यंत त्याला कोणीही हरकत घेत नाही. नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनशेजारच्या बेस्ट नावाच्या गावात राहणारे जयप्रकाशराव तर या तत्त्वाचे कट्टर पुरस्कर्ते. आपण जातपात मानत नाही, हे ते न विचारता सांगत, आणि पाहुणा जेवायला असला तर दोनदा सांगत.

२०२१च्या वसंतात लॉकडाऊनमुळे त्यांचं ऑफिस जेवणाच्या टेबलावर आलं होतं. त्याच टेबलाशी येऊन मुलगी चारुता म्हणाली, "बाबा, मी आणि युअन लग्न करतोय. जूनमध्ये."

युअन मॅकअर्डन मूळचा स्कॉटलंडचा. आइंडहोवनला नर्स, आणि वर्षभर कोरोनाच्या चाचण्या आणि कोरोनाचे रुग्ण यांतच अडकलेला.

"मुलगा चांगलाच आहे गं," जयप्रकाशराव म्हणाले. "पण मॅकअर्डन म्हणजे नक्की कोण?"

"म्हणजे युअन, बाबा."

हे उत्तर अपुरं असल्याने चौकशी समिती नेमण्यात आली. सदस्य दोन: स्वतः जयप्रकाशराव आणि अ‍ॅमस्टेलव्हीनचे त्यांचे मित्र दामोदरपंत (स्कॉटलंडविषयक तज्ज्ञ; पात्रता: एक बस-सहल आणि तीस वर्षांचा व्हिस्कीचा अनुभव). पत्नी शर्मिलाताईंनी सदस्यत्व नाकारलं. "तिला काय त्याच्या खापरपणजोबांशी संसार करायचाय?" हा त्यांचा आक्षेप इतिवृत्तात 'चहा झाला' असा नोंदवण्यात आला.

स्कॉटलंड हा या कामासाठी फार सोयीचा देश आहे. तिथे क्लॅन असतात, म्हणजे आपली कुळंच. प्रत्येकाचा प्रमुख ठरलेला, चौकटीचं कापड ठरलेलं, टोपीत खोचायची वनस्पतीसुद्धा ठरलेली. वनस्पती पाहून जयप्रकाशरावांना भरूनच आलं. हे तर देवक! त्यांनी एक्सेलमध्ये रकाने आखले: कूळ, मूळ गाव, देवक, कुलदैवत (तूर्त डोंगर). मग चर्चच्या जुन्या नोंदवह्या, वंशावळीची तीन संकेतस्थळं आणि एकोणीस ऑनलाइन बैठका झाल्या (पैकी अकरांत दामोदरपंत म्यूटवर होते, त्याच फलदायी ठरल्या). शेवटी डीएनए चाचणीही मागवली. वर्षभर लोकांच्या नाकांत काड्या घालणाऱ्या युअनने स्वतःच्या गालातून काडी निमूट फिरवून दिली आणि निकाल येईपर्यंत विलगीकरणात राहू का, असं विचारलं. (हा विनोद होता की नाही, यावर समितीचं एकमत झालं नाही.)

मे महिन्यात घात झाला. युअनचा सात पिढ्यांमागचा पूर्वज मॅकअर्डन नव्हताच. तो क्लॅनप्रमुखाची गुरं राखायचा आणि आसरा मिळावा म्हणून धन्याचं आडनाव लावायचा. त्या मुलखात अशी रीत होती म्हणे. पण समितीला रीत नको होती, रक्त हवं होतं.

"म्हणजे नुसतं आडनाव लावतात!" दामोदरपंत पडद्यावर हळहळले. "मला चेहऱ्यावरून शंका होतीच."

चौऱ्याऐंशी पानी अहवाल चारुताला रवाना झाला. निष्कर्ष: मुलाबद्दल तक्रार नाही, पूर्वजांचा खुलासा येईपर्यंत लग्न पुढे ढकलावं. चारुताला फार वाईट वाटलं. अडीचशे वर्षांपूर्वी मेलेल्या एका गुराख्यावरून आपला बाप आपल्या लग्नाला येणार नाही, या कल्पनेने ती रडली. मग तिने मेसेज केला: "गुरुवारी अकरा वाजता, नगरपालिकेच्या हॉलमध्ये. तुम्ही आलात तर मला खूप बरं वाटेल. रिपोर्ट आणायचाच असेल, तर कोरोनाचा आणा."

जयप्रकाशराव गेले. दीड मीटर अंतरावरच्या खुर्चीत बसले. मास्क त्यांनी बसल्यावरही काढला नाही, त्यामुळे चेहऱ्यावरची नापसंती वाया गेली. युअनच्या आजीला प्रवास शक्य नसल्याने ती लॅपटॉपवर हजर होती. सह्या झाल्यावर तिने व्याह्यांना कौतुकाने विचारलं, तुमचं आडनाव काय, आणि तुमच्याकडे ते लावणारे लोक म्हणजे नक्की कोण?

"आम्ही असलं काही मानत नाही," जयप्रकाशराव ताडकन म्हणाले. मग म्हातारीला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी आडनाव सांगितलं, आणि नक्की कोण तेही सविस्तर सांगितलं.

ते इथे छापलेलं नाही, कारण कथेला त्याची गरज नाही. गरज तुम्हाला आहे. एव्हाना तुम्ही दोन-तीन आडनावं मनात धरून पाहिली असतील, एक जवळजवळ पक्कंही केलं असेल. समितीत शर्मिलाताईंची जागा अजून रिकामी आहे. अर्ज करा, तुमच्यासारख्या जातपात न मानणाऱ्यांना प्राधान्य आहे.