अप्पांची एक रिंग

आमच्या सोलापुरात शेजारी दार न वाजवता थेट स्वयंपाकघरापर्यंत येतात आणि 'आज भाजी कसली?' म्हणत पातेल्यावरचं झाकण उचलतात. त्यामुळे अप्पांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चाटच पडलो. उघड्या माळावर, लोखंडी दांड्यावर बसवलेल्या एका प्लास्टिकच्या डब्यासमोर हा सत्तरीचा माणूस चपला काढून उभा होता. त्यांनी डब्यावर दोनदा टकटक केलं, "उघडू का?" असं विचारलं, जरा थांबले आणि मगच खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला.

"अप्पा, आत कोण बसलंय?" मी म्हणालो.

"म्हाईत न्हाई की. म्हनून तर इचारलं."

मी येमुल. कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. घरात तेलुगू, कॉलेजात मराठी, आणि उलट्या वायरी जोडणाऱ्या पोरांसाठी एक तिसरीच भाषा, असा माझा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. मी तिरसट आहे असं बायको म्हणते, आणि ते खरं आहे. असल्या माणसाच्या गळ्यात आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या देशमुख मॅडमनी माळावरचे तीस डबे आणि त्यांच्यासोबत अप्पा बांधले.

डब्यांचं सांगतो. वैरागच्या रस्त्याला सोलापूर सोडलं की गवताचा लांबलचक माळ लागतो. तिथं काळवीट आहेत, लांडगे आहेत, आणि एके काळी माळढोक बक्कळ होते. या जनावरांना त्रास न देता त्यांच्या घराची खबर ठेवायची, अशी मॅडमची योजना होती. प्रत्येक डबा ऊन, ओल आणि आसपासची हालचाल टिपायचा. सहा डब्यांना कानही होते, म्हणजे ते आवाज टिपायचे. तार कुठंच नाही. एक डबा शेजारच्याला सांगणार, तो पुढच्याला, असं करत खबर शेवटी माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर.

अप्पांचा जीव या 'तार कुठंच नाही'वर अडकला होता. जन्म गेला टेलिफोन खात्यात लाईनमन म्हणून. मूळचे वळसंगचे, घरात कानडी, बाहेर मराठी, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. "खांब न्हाई, तार न्हाई, आन् लाईन म्हनं!" असं पुटपुटत ते सायकलवरून तीसही डब्यांना रोज फेरी घालत. पण काम चोख. डबा पुसून, बॅटरी तपासून चालू केला की तिथूनच मला फोन, "टोन आला का?"

"अप्पा, याला टोन नसतो. डेटा आला."

"त्येच की. टोन."

मी हात टेकले. पुढं पुढं मीसुद्धा "आला टोन" म्हणू लागलो.

पहिल्याच दसऱ्याला त्यांनी आमची भंबेरी उडवली. सणाच्या तिसऱ्या दिवशी कॉलेजात येऊन बघतो तर तीसच्या तीस डबे मुके. मी मॅडमना गाडीत घालून माळावर पळालो. तिथं प्रत्येक डब्याच्या डोक्यावरच्या सौर पट्टीवर ओल्या भस्माचे तीन जाड पट्टे, आणि त्यावर झेंडूचा भरगच्च हार. खंडेनवमीला लाईनमन आपली हत्यारं पुजतो, तशी अप्पांनी डब्यांची पूजा केली होती. ऊन पोचलं नाही, बॅटऱ्या उतरल्या, आणि माळ गप्प झाला.

मॅडम रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "अप्पा, ऊन हेच यांचं जेवण आहे हो."

अप्पांचा चेहरा एवढासा झाला. "अय्यो शिवा! म्हंजे सनासुदीला उपास घडला की त्येंना!" दिवसभर सायकल मारून त्यांनी तीसही डबे पुसले आणि एकेकाची माफी मागितली. मी "असू द्या" म्हणालो तर ते मान हलवत म्हणाले, "'इर्ली बिडरी, असू द्या' असं तुमी म्हनून भागत न्हाई. ज्येला उपास घडला त्येनं म्हनाय पायजे."

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती सांगताना अजूनही मला अवघडल्यासारखं होतं.

माळढोक हा कमरेएवढा उंच, ऐटीत चालणारा पक्षी. आमच्या माळावर अलीकडे एकच मादी दिसायची. नर कुणी पाहिला नव्हता. नराचा आवाज घुमतो, लांबवर ऐकू जातो. मॅडमनी डब्यांना कान लावले ते त्याच्यासाठी. प्रकल्पाची मुदत दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत होती, आणि नर आहे असा पुरावा मिळाला तरच ती वाढणार होती. नाही तर डबे काढायचे, आणि अप्पांनी घरी बसायचं. घरी म्हणजे वळसंगच्या दोन खोल्या. बायको शांतव्वा वारलेली, मूलबाळ नाही.

श्रावणात एका सकाळी सातच्या सुमाराला अकरा नंबरच्या डब्यानं खबर पाठवली. पाच-सहा सेकंदांचा आवाज, खोल, घुमणारा, "हूंऽऽम". आमच्या कॉम्प्युटरनं त्याला बिनदिक्कत 'माळढोक, नर' असं नाव दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशीही. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पेढे वाटले, बाहेरगावच्या जाणकारांना फोन केले, मुदतवाढीच्या अर्जात तो आवाज लिहून टाकला. मी आयुष्यात पहिल्यांदा एका शिपायाला मिठी मारली.

डब्यातून वाऱ्यावर येतो तो आवाजाचा तुकडा. पूर्ण आवाज आतल्या कार्डावर राहतो, आणि ती कार्डं महिन्याला एकदा अप्पाच आणून देत, तंबाखूच्या रिकाम्या डबीत घालून. त्या महिन्यातही आणली. मी अकरा नंबरचं कार्ड कॉम्प्युटरला लावलं, हेडफोन कानाला लावले. होला पक्षी बोलत होता, वारा होता, मग तो आवाज आला, "हूंऽऽम". मग पुन्हा एकदा. मग खोकला.

तो तंबाखूचा खोकला मी हजारदा ऐकलेला होता. आणि मागोमाग अप्पांचा आवाज, अगदी हळू. "ऐकलं का गं? हाय, हाय. हितंच हाय."

पहिल्यांदा संताप आला, खोटं का बोलू. मला वाटलं, म्हाताऱ्यानं नोकरी टिकवायला आम्हांला बनवलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच स्कूटर काढली आणि माळ गाठला.

अप्पा अकरा नंबरपासून चार-पाच पावलांवर, डब्याकडे पाठ करून उकिडवे बसले होते. हातात लहानसं रिकामं मडकं. त्यात तोंड घालून ते घुमले, कार्डावरचाच आवाज. मला बघून मडकं लपवायला गेले, मग राहू दिलं.

"अप्पा, हे काय चाललंय? डब्यानं सगळं ऐकलंय. मॅडमनी वर कळवलंय की नर आहे म्हणून!"

"मी डब्याला कुटं बोललो सायेब? त्येच्याकडं पाठ केली हुती की."

"डब्याला पाठ-पोट नसतं!"

"मला वाटलं, दुसऱ्याचं बोलनं न्हाई ऐकनार त्यो. आमी एक्सचेंजमदी कदी न्हाई ऐकलं." ते तिथंच मातीत मांडी घालून बसले. आपल्यामुळे मॅडमचा शब्द खोटा पडणार हे त्यांच्या ध्यानात आलं. "लई वंगाळ झालं. लई वंगाळ झालं ओ."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. तरणेपणी याच रस्त्यानं त्यांनी तारा ओढल्या. खांबावर चढलं की चहूकडून नर घुमायचे. तो आवाज तेव्हापासून त्यांच्या गळ्यात होता. आता फेरीत रोज ती एकटी मादी दिसायची. चालायची, थांबायची, मान वर करून कानोसा घ्यायची, आणि पुन्हा चालायची.

"माजी नोकरी सगळी बाहेरगावी," अप्पा म्हणाले. "शांतव्वा वळसंगला. घरात खात्याचा फोन हुता. मी रोज सकाळी सातला, असंल त्या खांबावरनं, लाईन जोडून घरी एक रिंग द्याचो. एकच. ती उचलायची न्हाई. बोलायचं काय असतंय रोज? रिंग वाजली म्हंजे मी हाय, खांबावरनं पडलो न्हाई, येवढं कळलं की झालं."

"आणि त्या गेल्यावर?"

"गेल्यावर बी दिली. कुलूप हुतं घराला. मी हिकडं खांबावर. वाजायची की आत. फोन काढून न्हेला तवर दिली." त्यांनी मडकं पुसलं. "सायेब, म्हाईत हाय मला, ती मादी हाय आन् मी मानूस हाय. येडा न्हाई मी. पर तिनं रोज मान वर करून ऐकायचं, आन् येवढ्या माळावर टोनच येऊ नये? म्हनून एक रिंग द्याचो. एक, फार तर दोन. जास्त न्हाई."

मी तिरसट माणूस. मी म्हणालो, "ऊन झालंय, चला," आणि त्यांची सायकल ढकलत रस्त्यापर्यंत आणली.

मॅडमना सांगावं की नाही, या विचारानं दोन दिवस मला जेवण गेलं नाही. सांगितलं तर प्रकल्प बुडतो आणि अप्पा त्या दोन खोल्यांत जाऊन बसतात. न सांगावं तर नसलेला नर आम्ही कागदावर जिवंत ठेवणार. शेवटी सांगितलं. मॅडमनी पूर्ण कार्ड ऐकलं, 'हितंच हाय' पर्यंत. मग त्यांनी माझ्यासमोरच सगळ्यांना फोन करून चूक कबूल केली आणि अर्ज मागं घेतला. अप्पांना बोलावून एवढंच म्हणाल्या, "यापुढं आवाज काढू नका. तिचं नुकसान होईल की काय, आपल्याला ठाऊक नाही."

"व्हय बाईसायेब," अप्पा म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून माळावर सकाळी सातला होला आणि वारा एवढंच उरलं.

पंधरा-वीस दिवसांनी मी डब्यांच्या नोंदी लावत होतो. अकरा नंबरला हालचालीची एक खूण रोज त्याच वेळेला दिसली. सातनंतर दहा-पंधरा मिनिटांनी. मागं जाऊन पाहिलं तर अप्पा घुमायला लागल्यापासून ती होती. ती माझ्या डोळ्यांखालून गेली होती. त्या वेळी मी फक्त आवाज बघत होतो, पायांकडे लक्षच नव्हतं. अप्पा घुमून पुढच्या डब्याकडे निघाले की ती मादी अकरा नंबरपाशी येऊन उभी राहत असणार. अप्पांना मनाई झाल्यावरसुद्धा ती आठ दिवस आली होती. रोज, त्याच वेळेला. नवव्या दिवसापासून नोंद कोरी.

मी त्या नोंदी छापून मॅडमपुढं ठेवल्या. "यावरून काही सिद्ध होत नाही, येमुल," त्या म्हणाल्या. "काळवीट असेल. गवत वाढलं म्हणून जागा बदलली असेल." मग चष्मा काढून म्हणाल्या, "अप्पांना सांगू नका."

मी सांगितलं नाही. आजतागायत सांगितलेलं नाही. तेवढी एकच लबाडी मी आयुष्यात अगदी मनापासून केली आहे.

दिवाळीनंतर डबे काढले. अप्पांनी एकेकासमोर चपला काढल्या, टकटक केलं, "निघायचं का आता?" विचारलं आणि स्क्रू सोडवले. अकरा नंबरपाशी ते जास्त थांबले. गवताकडे बघत म्हणाले, "दिसत न्हाई हल्ली. बरी असंल न्हवं?" मी म्हणालो, "असेल की. दाणापाणी बघून गेली असेल कुठं." खोकत खोकत त्यांनी मान हलवली. डबे टेम्पोत घातले आणि अप्पा वळसंगच्या एसटीत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला माझा मोबाईल एकदा वाजला आणि बंद झाला. अप्पांचा नंबर. मी उलट फोन केला, "काय अप्पा, काही हवं होतं?"

"काय न्हाई सायेब. लाईन बघितली. उचलू नगा ओ."

तेव्हापासून रोज सातला एक रिंग. बायको चहा ठेवते, फोन एकदा वाजतो, मी उचलत नाही. सुरुवातीला मी चिडायचो. मग घड्याळाला गजर लावायचं सोडून दिलं.

गेल्या आठवड्यात एका सकाळी सात वाजून गेले, सव्वासात झाले, फोन गप्प. चहा समोर निवत होता. मी वर्तमानपत्र उलटं-सुलटं केलं. बायको म्हणाली, "अहो, तुम्हीच करा ना." मी म्हणालो, "मी कशाला करू?" आणि गॅलरीत येरझाऱ्या घालू लागलो. साडेसातला राहवेना. अप्पांचा नंबर लावला. एक रिंग दिली आणि कापला.

डोळ्यांसमोर कुलूप लावलेलं घर आणि आत वाजणारा फोन येत राहिला. मी तसाच उभा होतो, मान वर करून.

मग माझा फोन वाजला. एकदा.

"आला टोन," मी बायकोला म्हणालो, आणि गार चहा प्यायलो.