सासूबाईंच्या सॅलडमधली चौदावी वस्तू

द्राहोमीराबाईंना नाताळचं बटाट्याचं सॅलड करताना त्यांच्या जावयाने कधी पाहिलेलं नाही. पुरावा म्हणून या विधानाला फारसं मोल नाही, कारण ते कोणीच पाहिलेलं नाही. तेवीस डिसेंबरला बाई स्वयंपाकघराचं दार लावून घेत, आतून दाराला खुर्ची टेकवत, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भरलेली बरणी छातीशी धरून ट्रामने लेकीकडे येत. लेकीचं, म्हणजे ब्लांकाचं, स्वतःचं सॅलड तिथे तयार असेच. पण त्यात सफरचंदाच्या फोडी असत, आणि सफरचंद पडलेल्या कोणत्याही पदार्थाला बाई सॅलड म्हणत नसत. 'शाळेच्या डब्यातला खाऊ' म्हणत. त्यामुळे टेबलावर दरवर्षी दोन भांडी असत आणि त्यांच्यामध्ये तळलेला कार्प मासा, सरहद्दीवरच्या पहारेकऱ्यासारखा.

यंदा बरणी येणार नव्हती. ऐंशीव्या वर्षी संधिवाताने मनगटं आखडली आणि सुरी धरवेना. बाईंनी फोनवर कळवलं, की रिकाम्या हाताने त्या आजवर कोणाच्या उंबऱ्यात गेलेल्या नाहीत आणि या वयात नवी सवय लावून घेणार नाहीत. घरीच सूप करतील, टीव्हीवर राजकन्येची परीकथा लागेल ती बघतील आणि झोपतील. ब्लांकाने विनवलं, मग ती रागावली, आणि शेवटी फोन ठेवून गाजरं गरजेपेक्षा जास्त जोरात चिरू लागली.

हे सारं तिचा नवरा ऐकत होता. त्याचं नाव लुओंग. व्हिएतनामहून तो चौथ्या वर्षी चेक देशातल्या प्लझेन शहरात आला, आणि बालवाडीच्या बाईंना ते नाव उच्चारता येईना म्हणून त्याच दिवशी दुपारपर्यंत त्याचा लुबोश झाला. (त्याची संमती घेतली होती की नाही, याची नोंद सापडत नाही.) आता तो बेचाळीस वर्षांचा होता, जमीनमोजणी कार्यालयात नकाशे तपासत होता, आणि बिअरवर फेस कमी आला तर ग्लास परत पाठवत होता. तरीही सासूबाई त्याची ओळख करून देताना 'हा आमच्या ब्लांकाचा' इतकंच म्हणत आणि वाक्य तिथेच सोडून देत.

त्याने फोन उचलला, बाल्कनीत गेला, सासूबाईंचा नंबर लावला आणि म्हणाला, "आई, तुमचं सॅलड मी करतो. तुम्ही सांगा, मी लिहून घेतो."

पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"पेन्सिलनं लिही," बाई म्हणाल्या. "खोडावं लागेल."

त्यांनी तेरा वस्तू सांगितल्या: बटाटे, गाजर, सेलरीचा कंद, अंडी, लोणच्यातल्या काकड्या, तिथपासून पांढऱ्या मिरीपर्यंत. प्रमाण विचारलं, तर लागेल तेवढं. फोडी केवढ्या, तर लहान. शेताच्या बांधावरून दोन पिढ्या चाललेलं भांडण मिलिमीटरच्या आधाराने मिटवणाऱ्या माणसाला 'लहान' हे माप सोसण्यासारखं नव्हतं. शेवटी बाई म्हणाल्या, की टेबलावर त्यांचं सॅलड असेल, तर त्या येतील. नसेल तर त्यांना आणायला येण्याची तसदी घेऊ नये.

तेवीस तारखेला लुबोशने ब्लांकाला मैत्रिणीकडे पाठवलं, दार लावलं, दाराला खुर्ची टेकवली (तीही कृतीतच धरायची असावी, असा त्याचा समज झाला) आणि फूटपट्टी घेऊन बसला. पाच तासांत सहा मिलिमीटरच्या घनाकार फोडींचं पातेलं भरून तयार झालं. ते त्याने झाकण लावून, वर वीट ठेवून बाल्कनीत ठेवलं. कारण त्या इमारतीत प्रत्येक घराचं सॅलड ती रात्र बाल्कनीतच काढतं. फ्रिजमध्ये कार्प असतो.

सकाळी पातेल्यात चमचा शिरेना. दुपारी बारापर्यंत ते विरघळलं, आणि बटाट्यांनी इतकं पाणी सोडलं, की सगळ्या सीमारेषा पुसल्या गेल्या.

"रात्री उणे चौदा होतं," ब्लांका म्हणाली. तिचं स्वतःचं सॅलड तळघरात सुखरूप होतं.

"सगळे बाल्कनीतच ठेवतात."

"सगळे वरून गोधडी घालतात, लुबोश."

"कागदावर गोधडी नव्हती."

ब्लांका हसली, मग त्याचा चेहरा बघून हसायची थांबली. दुकानं बंद झाली होती, घरात एकही बटाटा नव्हता, आणि दोन तासांनी आईला आणायला निघायचं होतं. ती तळघरात गेली, आपलं सॅलड घेऊन आली, पातेलं दोघांच्या मध्ये ठेवलं आणि भुवया कोरायचा चिमटा त्याच्या हातात दिला.

"सफरचंद वेच," ती म्हणाली.

मेयोनेजमध्ये बुडालेली सफरचंदाची फोड आणि बटाट्याची फोड यांत डोळ्यांना फरक कळत नाही. तो दातांनाच कळतो. नाताळच्या आदल्या दिवशी पहिली चांदणी दिसेपर्यंत उपास असतो, आणि जो तो नीट पाळतो त्याला भिंतीवर सोन्याचं डुकराचं पिल्लू दिसतं, अशी समजूत आहे. दोघांनीही पाऊण तास प्रामाणिकपणे उपास मोडला. खात्री झालेल्या फोडी ब्लांका एका बशीत जमवत गेली.

"यंदा पिल्लू काही दिसायचं नाही," ती म्हणाली.

"मला कधीच दिसलेलं नाही."

"मलाही नाही," ब्लांका चिमट्यासाठी हात पुढे करत म्हणाली. "पण आईला मी दरवर्षी दिसलं म्हणून सांगते. तिला बरं वाटतं."

पुढची फोड बटाट्याची निघाली. ती त्याने तिलाच भरवली.

ट्राममध्ये द्राहोमीराबाईंना हातांचं काय करावं ते सुचेना. शेवटी त्यांनी पर्स छातीशी धरली, जिथे बरणी असायची तिथे, आणि जावयाने आधार द्यायला हात पुढे केला तरी ती सोडली नाही.

टेबलावर एकच भांडं पाहून त्यांनी भुवया उंचावल्या. सूप झालं, कार्प वाढला. बाईंनी सॅलडचा घास घेतला, डोळे मिटले. मग दुसरा घेतला. ब्लांकाने टेबलाखाली नवऱ्याचा गुडघा घट्ट धरला होता.

"माझंच आहे," बाई म्हणाल्या.

लुबोशने श्वास सोडला.

"पण एक वस्तू कमी आहे."

त्याने खिशातून कागद काढला आणि जमिनीच्या वादात साक्ष वाचावी तशा तेरा वस्तू एकेक करून वाचल्या. प्रत्येकीला बाईंनी मान डोलावली.

"ती कागदावर नाही."

"मग सांगितली का नाहीत, आई?"

बाईंनी रुमालाने ओठ टिपले. "सांगितली असती, तर पुढच्या वर्षी तुम्ही मला कशाला बोलावलं असतं?"

हे बोलणं तोंडातून निसटलं, असं बाईंनाच वाटलं असावं. त्यांनी लगेच आवाज कडक करून निकाल दिला. पुढच्या तेवीस तारखेला त्या स्वतः इथे येतील, स्वयंपाकघरात दाराच्या आतल्या बाजूला खुर्चीवर बसतील, ब्लांका बाहेर थांबेल, आणि चिरायचं काम आमचा जावई करील.

'आमचा जावई' हे त्या पहिल्यांदाच म्हणाल्या. लुबोशचे कान लाल झाले.

"फक्त एक सांगते तुला," बाई चमच्यावरची फोड दिव्याकडे धरून म्हणाल्या. "बटाटे इतके धोंड्याएवढे चिरत नाहीत. घरात एखादी फूटपट्टी असेल की नाही तुमच्याकडे?"

"चुकलं, आई," लुबोश म्हणाला.

नंतर रिवाजाप्रमाणे नवरा-बायको पलीकडच्या खोलीत नाताळच्या झाडाखालची घंटी वाजवायला गेले. भेटी आल्याची ती खूण. मेणबत्त्या धड पेटत नव्हत्या, त्यामुळे जरा वेळ लागला. परत आले तेव्हा द्राहोमीराबाई दुसऱ्यांदा वाढून घेतलेलं सॅलड संपवत होत्या, आणि पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त समाधानाने.

भांडी घासताना जेवणाच्या टेबलाशेजारच्या कपाटावरची, वेचलेल्या सफरचंदाची बशी ब्लांकाच्या हाती आली. ती रिकामी होती. उपाशीपोटी लुबोशनेच सफरचंद संपवलं, असं ब्लांकाचं मत आहे. आपण त्या बशीला हातही लावला नाही, असं लुबोश शपथेवर सांगतो. घरात त्या वेळी तिसरी एकच व्यक्ती होती, आणि तिला हे विचारायची हिंमत अद्याप कोणीही केलेली नाही.