गंजीवरची सूनबाई

नवऱ्याने शिडी नेली तेव्हा सूनबाई गवताच्या गंजीवर होती आणि हे त्याच्या गावीही नव्हतं. गोठ्याचं छप्पर एका कोपऱ्यात गळत होतं. वडिलांनी सकाळपासून तीनदा आठवण करून दिली होती. तो आला, गंजीला टेकवलेली शिडी खांद्यावर टाकली आणि शीळ घालत गोठ्यामागे निघून गेला. वर दोन पुरुष उंचीवर त्याची बायको पाठमोरी वाकून वाळलं गवत उपसत होती.

शिडी गेल्याचं तिला कळलं ते खाली उतरायला पाय सोडला तेव्हा. पाय हवेतच राहिला. तिने तो वर घेतला, गवताला घट्ट धरलं आणि हाक मारायला तोंड उघडलं. पण खालून बोलणं ऐकू आलं, म्हणून ते तसंच मिटलं.

अंगणात सासरे सासूबाईंना सांगत होते, "लोहार दुपारी येईल. नांगर ठेवून घ्या आणि चांदीचं दावं त्याच्या हातात द्या."

"चांदी? सूनबाईची गाय?"

"गोठ्यात बांधलेली गाय घराची असते. वरचं शेत लाकडी नांगराला दाद देत नाही. लोखंडी नांगर हवा. बोललो ते बोललो."

सासऱ्यांना गावात 'शिक्का' म्हणत. एकदा उमटला की पुसायचं नाव नाही. लोखंडी नांगर ही त्या काळी नवलाई होती. पंचक्रोशीत दोनच आलेले, आणि तिसरा आपल्या दारात हवा यासाठी सासरे दोन वर्षं झुरत होते. ते सूनबाईला माहीत होतं. पण चांदी आईवेगळी वाढलेली. ती एवढीशी वासरू असताना सूनबाईने दुधात फडकं भिजवून तिच्या तोंडात पिळलं होतं. लग्न झालं तेव्हा ही कालवड दावं तोडून वऱ्हाडाच्या गाडीमागे धावत आली होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं, आणि परत न्यायलाही कोणी आलं नाही.

छप्पर शाकारून झाल्यावर नवरा शिडी घेऊन परत आला. वरून दोन पाय लोंबकळताना पाहून दचकला.

"अगं, तू वर काय करतेस?"

"तुमची वाट बघतेय. लावा शिडी."

त्याने शिडी लावली. सूनबाई पालथी झाली, तिने दोन्ही हातांनी वरची पायरी धरली आणि शिडी वर ओढायला लागली.

"अगं, उलट! तू खाली यायचंस, शिडी वर नाही!"

"चांदी कुठं जाणार नाही, असं मामंजी म्हणेपर्यंत मीही कुठं जाणार नाही."

शिडी वर गेली आणि गवतात आडवी झाली. घरात शिडी एकच होती, हे नवऱ्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. त्याच्या वडिलांच्या लक्षात लगेच आलं.

सासरे सुनेशी सरळ कधी बोलत नसत. जे सांगायचं ते सासूबाईंना सांगत, सूनबाई शेजारी उभी असली तरी. आताही ते गंजीखाली उभे राहिले, नजर विहिरीकडे लावली आणि सासूबाईंना म्हणाले, "तिला म्हणावं, खाली उतर. या घरात शब्द माझा चालतो."

सासूबाईंनी मान वर केली. "ऐकलंस ना गं?"

"ऐकलं. मामंजींना म्हणावं, शब्द तुमचा, पण शिडी माझ्याकडे आहे."

सासूबाईंनी हा निरोप पोहोचवला नाही. तोंडाला पदर लावून त्या खोकल्यासारखं काहीतरी करत राहिल्या.

मग सासऱ्यांनी मुलाला हुकूम सोडला. त्याने रिकामी बैलगाडी ढकलत आणून गंजीला लावली, गाडीच्या कठड्यावर चढला, टाचा उंचावल्या आणि गवतात दोन्ही हात खुपसले. पण गाडीच्या चाकाला दगड लावायचा राहिला होता. गाडी सरकली. नवरा क्षणभर दोन मुठी गवतावर लटकला, मग गवतासकट खाली आला. खाली उकिरडा होता, म्हणून हाडं वाचली. बाकी काही वाचलं नाही.

"लागलं का हो?" वरून काळजीचा आवाज आला.

"नाही," तो म्हणाला आणि डोळे पुसण्यासाठी जागा शोधू लागला. कपड्यांवर तशी जागा नव्हती. तो विहिरीवर गेला तो बराच वेळ तिकडेच राहिला. बायको आणि वडील यांच्या मधल्या जागेपेक्षा विहीर बरी, असंही त्याला वाटलं असावं.

दुपारी लोहार नांगर गाडीत घालून आला. नांगर खरोखरच देखणा होता. सासऱ्यांनी फाळावरून हात फिरवला आणि घटकाभर सगळं विसरले. मग लोहाराने चांदीचं दावं सोडलं. चांदी निमूटपणे त्याच्यामागे गोठ्याबाहेर आली, गंजीपाशी पोहोचली आणि थांबली. वरून तिच्या पुढ्यात गवताची पेंढी पडली होती. लोहाराने ओढलं. दुसरी पेंढी पडली. लोहाराने शेपटी पिरगाळली, तेव्हा चांदी आधी पुढचे, मग मागचे पाय मुडपून खाली बसली आणि रवंथ करू लागली.

"उठेल ती," सासरे म्हणाले.

"उठेल, पण कोणासाठी?" लोहार घाम पुसत म्हणाला. त्याने वर पाहिलं. "ही कोण वर?"

"कोणी नाही. गंजी शाकारतेय."

"मी गाय न्यायला दिलेली नाही, लोहारदादा!" कोणी-नाहीने वरून सांगितलं. "गाय माझी आहे. नांगर चांगला आहे, पण मला कोणी विचारलेलं नाही!"

लोहाराने दावं सासऱ्यांच्या हातात परत दिलं. "आधी तुमचं घरातलं आटपा. मी हा नांगर घेऊन जातो," असं म्हणून त्याने बैल वळवले. नांगर फाटकातून बाहेर जाताना सासऱ्यांनी पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आता तुम्हीच जा," ते सासूबाईंना म्हणाले. "वर जाऊन तिला चार शब्द सुनवा."

सासूबाईंनी फडक्यात जेवण बांधलं आणि त्या गंजीखाली आल्या. "शिडी सोड गं. मी एकटीच येतेय. पुरुषांना लांब उभं केलंय."

शिडी खाली आली. सासूबाई गुडघे धरत, देवाचं नाव घेत वर चढल्या. वर सूनबाईने त्यांना बसायला जागा केली. दोघींनी फडकं सोडलं. सासूबाईंनी इकडे तिकडे पाहिलं. लग्न होऊन तीस वर्षं झाली, पण आपलं शेत असं अखंड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"आत्याबाई, तुम्ही मला रागवायला आलात ना?"

"हो, तसं सांगून आलेय." सासूबाईंनी घास घेतला. "माझ्याकडे तांब्याचा हंडा होता. माझ्या आईचा. एक दिवस पाणी भरायला गेले, तर हंडा नाही. ह्यांनी तो देऊन गोऱ्हा आणला होता. बोललो ते बोललो."

"मग?"

"मग काय? गोऱ्हा लंगडा निघाला." हात पुसून त्या म्हणाल्या, "ए, ती शिडी वर घे. एकटीला जड जाईल, थांब, मीही धरते."

खालून सासऱ्यांनी शिडी वर जाताना पाहिली. "अहो! हे काय?"

"मी इथंच आहे," सासूबाई म्हणाल्या. "संध्याकाळची चूल तुम्ही पेटवा."

सासऱ्यांनी खरोखर पेटवली. घरातून आधी धूर आला, मग खोकला, मग भांडं पडल्याचा आवाज, मग मुलाच्या नावाने आरडाओरडा. मुलगा विहिरीवरून हलला नाही. सूर्य टेकडीला टेकला तेव्हा सासरे काजळी लागलेल्या चेहऱ्याने बाहेर आले आणि गंजीखाली उभे राहिले.

आता पंचाईत अशी झाली की बोलायचं कोणामार्फत? त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. चांदीकडे पाहिलं. चांदी रवंथ करत होती. शेवटी त्यांनी मान वर केली. सुनेचा चेहरा त्यांनी असा समोरासमोर तीन वर्षांत पहिल्यांदाच पाहिला. लहान होता, उन्हाने लाल झाला होता आणि अजिबात घाबरलेला नव्हता.

"सूनबाई," ते म्हणाले. काजळीचे हात धोतराला पुसले. "गाय... देऊ का?"

वर सासूबाईंनी सुनेचा हात घट्ट धरला.

"विचार करून सांगते, मामंजी," सूनबाई म्हणाली आणि शिडी खाली सोडली.

विचार करायला तिला आठ दिवस लागले. रोज सकाळी सासरे गोठ्याच्या दारात येत, खाकरत आणि विचारत, "मग? काय ठरलं?" ती शेण काढता काढता म्हणे, "अजून चाललाय विचार." मधे ती वरच्या शेतात जाऊन आली, तिथली कडक माती बोटांनी उकरून आली. नवव्या दिवशी तिने सांगितलं, "गाय नाही द्यायची. तिला चौथा महिना आहे. होणारं वासरू लोहारदादांना द्या, ते मोठं होईपर्यंत मी सांभाळीन. पण नांगर आत्ता हवा. माती खरंच कडक आहे."

सासरे काठी घेऊन लोहाराकडे गेले. लोहार भात्याजवळ बसला होता. त्याने निरोप ऐकला, हिशेब जुळवला आणि मान डोलावली. सौदा वाईट नव्हता.

"पण हे ठरवलं कोणी?" त्याने विचारलं.

"सुनेनं. मी तिला विचारलं होतं."

लोहाराचा हात भात्यावरच थांबला. "तुम्ही? सुनेला विचारलंत?"

"मग?" सासरे छाती काढून म्हणाले, जणू त्यांच्या घराण्यात सात पिढ्या हेच चालत आलं होतं. "तुमच्याकडे काय, न विचारताच देऊन टाकतात?"

आतल्या खोलीत लोहाराची बायको भांडी घासत होती, तो आवाज बंद झाला.

लोहाराने दाराकडे पाहिलं. "हळू बोला हो," तो म्हणाला.