एका चौकोनातला वारा

गोपाळरावांनी हॉल रद्द केला आणि मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, घराच्या गच्चीवर ठेवलं. तेही मे महिन्यात, नागपुरात. संध्याकाळी वावटळ उठते हे मानेवाड्यातलं शेंबडं पोरही सांगेल, असं त्यांच्या पत्नी देवकीबाई परोपरीनं सांगून थकल्या. पण गोपाळरावांकडे होणारा जावई होता. अंकित पुण्यात संगणकावर हवामानाची मॉडेलं चालवायचा. संगणकाचं नाव निघालं की आपल्याकडची माणसं देवळात आल्यासारखी हात जोडतात, तसे गोपाळरावांनीही जोडले. फोन लावून त्यांनी विचारलं, मे महिन्यात आपल्याकडे जास्तीत जास्त वारा किती, मॉडेल काय म्हणते? अंकितनं आकडा सांगितला. तेव्हापासून गोपाळराव घरभर सांगत होते की याच्याहून जास्त जोर आपल्या बैठकीतल्या पंख्यात आहे.

पाहुणे आले. समोसे फिरले. अंकितच्या आईनं, प्रेमिलाबाईंनी, नंदिनीची ओटी भरायला नारळ उचलला आणि पश्चिमेकडून धुळीची तांबडी भिंत चालत आली.

पहिल्याच झटक्यात मंडप गेला. पडला नाही, गेला. बांबूंसकट. बदल्यात शेजाऱ्यांच्या कूलरचं झाकण आलं आणि मिठाईच्या टेबलावर बसलं. ‘नंदिनी आणि अंकित’ लिहिलेला फ्लेक्स उडून कोराडीकडे निघालेल्या बसच्या टपावर पडला आणि बस त्याला घेऊन गेली. मग एक बांबू विजेच्या तारेवर आदळला, गल्लीतली लाइट गेली आणि सगळं साक्षगंध जिन्यात कोंबलं गेलं. सगळ्यांच्या दातांत माती होती.

गोपाळरावांनी माती थुंकून विचारलं, “जावईबापू, हा कोणता वारा होय?”

अंकितनं चष्मा पुसत समजावलं. मॉडेलमध्ये जमिनीचे मोठमोठे चौकोन असतात. रामटेक, कोराडी, सीताबर्डी, ही गच्ची, सगळं एकाच चौकोनात. अख्ख्या चौकोनाला वारा एकच. एका गल्लीत घुसलेली वावटळ त्याला दिसतच नाही.

“म्हणजे मॉडेल चुकते?”

“जोराच्या वाऱ्यात फार चुकते, काका. माझी पीएचडी त्याच्यावरच आहे.”

गोपाळराव दोन पायऱ्या वर चढले.

“मग सांगतलं काहून नाही गा?”

“तुम्ही विचारलं मॉडेल काय म्हणते. ते बरोबर आहे का, हे नाही विचारलं.”

गोपाळरावांनी तिथल्या तिथे सोयरीक मोडली. विचारल्याशिवाय खरं न सांगणाऱ्याला मुलगी द्यायची नाही, असं त्यांनी वरच्या पायरीवरून जाहीर केलं. देवकीबाई रडू लागल्या. प्रेमिलाबाईंनी नारळ पिशवीत परत टाकला.

नंदिनी केसांतली माती झटकत पुढे आली. तिला हा मुलगा आवडला होता आणि इतका वेळ तिला कोणीच काही विचारलं नव्हतं.

“अंकित, बाबांनी माझ्याबद्दल तुमच्या घरी काय सांगितलं?”

“लग्न झाल्यावर नोकरी सोडणार म्हणून.”

आता जिन्यातली सगळी डोकी वर वळली. गोपाळराव भिंतीवरचं मीटर वाचू लागले, लाइट नसताना.

“मी सोडणार नाही,” नंदिनी म्हणाली. “तुला चालेल?”

“चालेल. पुण्यात राहायचं म्हटलं तरी तुझाच पगार लागेल. माझं नोकरीचं कंत्राट मार्चमध्येच संपलं.”

“अंकित,” प्रेमिलाबाई हळूच म्हणाल्या, “हे तुले कोणी विचारलं होतं का?”

नंदिनीनं बोट पुढे केलं. अंगठी मोबाइलच्या उजेडात घातली गेली. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कोणालाच कळत नव्हतं, म्हणून काहींनी समोसे खाल्ले, मातीसकट.

थोड्या वेळानं गोपाळराव पायऱ्या उतरून जावयाशेजारी येऊन बसले. मंडपवाल्याला काय तोंड दाखवू, असं पुटपुटले. मग न राहवून त्यांनी विचारलं, “आजच्या या वाऱ्याचं तुमच्या मॉडेलमध्ये काय येईन?”

“काही नाही येणार, काका,” अंकित म्हणाला. “त्याच्या हिशेबानं आपण अजून गच्चीवरच बसून आहोत.”